दुपारी ट्रिप होणारा आणि संध्याकाळी सुरळीत चालणारा डक्टेबल एसी: दर उन्हाळ्यात परतणाऱ्या हाय प्रेशर बिघाडाचे निदान व निवारण

विदर्भातील तालुक्याच्या गावी आता बँकेची शाखा, पतसंस्था, खासगी दवाखाना, कापडाचे दुकान, मंगल कार्यालय, जिनिंगचे ऑफिस अशा ठिकाणी ५.५, ८.५ किंवा ११ टनांची डक्टेबल (थंड हवा डक्टमधून ग्रिलपर्यंत पोहोचवणारी) युनिटे बसलेली दिसतात. या युनिटांची एक तक्रार दर वर्षी ठरल्यासारखी येते. होळीपर्यंत सर्व ठीक असते. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी एक-दीडच्या सुमारास कॉम्प्रेसर बंद पडतो, आतला ब्लोअर मात्र चालूच राहतो आणि ग्रिलमधून कोमट हवा येऊ लागते. कोणीतरी रिसेटचे बटण दाबतो, युनिट पंधरा-वीस मिनिटे चालते आणि पुन्हा थांबते. सूर्य कलल्यावर तेच युनिट कोणी हात न लावता रात्रभर व्यवस्थित थंडावा देते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक येतो तो बहुधा सकाळी, तेव्हा युनिट चालूच असते, आणि मालक म्हणतात, "गॅस कमी झाला असेल, थोडा टाकून द्या न भाऊ."

या बिघाडात गॅस टाकणे हा जवळजवळ नेहमीच चुकीचा उपाय असतो, आणि बहुतेक वेळा पुढच्या वर्षीच्या बिघाडाची ती तयारी असते. पुढचा सर्व मजकूर या एका गोष्टीसाठी आहे.

आधी कोणते संरक्षण ट्रिप झाले ते ओळखावे

कॉम्प्रेसर बंद पडण्याची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक कारणासाठी यंत्रात वेगळे संरक्षण दिलेले असते. म्हणून "एसी बंद पडला" एवढ्या वाक्यावरून काम सुरू करू नये. पॅनेलवर एचपी किंवा हाय प्रेशरचा दिवा लागला असेल, किंवा डिस्प्लेवर त्याचा कोड आला असेल, तर गॅसचा दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला असे समजावे. एलपी म्हणजे लो प्रेशरचा दिवा लागला असेल तर प्रकरण वेगळे आहे. तिथे गॅसगळती, घाण झालेला आतला फिल्टर, बंद पडलेला ब्लोअर किंवा तुंबलेला ड्रायर शोधावा लागतो. ओव्हरलोड रिले उडाला असेल तर करंट जास्त गेला. आणि कोणताच दिवा नसून कॉम्प्रेसरचे कवच हात लावता येणार नाही इतके तापलेले असेल, तर आतला थर्मल प्रोटेक्टर उघडलेला असण्याची शक्यता आहे. तो पुन्हा जुळायला कधीकधी दोन-तीन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात घाई करून कॉम्प्रेसर जळाल्याचा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत. तिथे नवा कॉम्प्रेसर मागवण्यापूर्वी तो थंड होऊ द्यावा आणि मग वाइंडिंगचा रोध मोजावा.

एक सोपा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. गॅस कमी असेल तर युनिट संध्याकाळीही नीट थंड करणार नाही, जाड सक्शन पाइपवर किंवा आतल्या कॉइलवर बर्फ दिसू शकेल आणि ट्रिप झालेच तर लो प्रेशरवर होईल. दुपारी हाय प्रेशरवर थांबून रात्री उत्तम चालणारे युनिट गॅस पुरेसा असल्याचेच सांगत असते. त्याला बाहेर टाकायची उष्णता टाकता येत नाही, हे त्याचे दुखणे आहे.

दुपारीच का

हवेवर थंड होणाऱ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या बाहेरच्या कॉइलमध्ये, गॅसचे द्रवात रूपांतर होण्याचे तापमान (कंडेन्सिंग तापमान) आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण १० ते १५ अंश सेल्सिअसने जास्त असते. हवा ३५ अंशांची असेल तर हे तापमान ५० अंशांच्या आसपास राहते आणि त्या वेळी आर-२२ गॅसचा दाब सुमारे २६७ पीएसआय (गेजवर दिसणारे दाबाचे एकक), तर आर-४१०ए गॅसचा सुमारे ४३० पीएसआय असतो. हवा ४५ अंशांची झाली की कंडेन्सिंग तापमान ६० अंशांवर जाते आणि हेच आकडे अनुक्रमे ३३७ आणि ५४० च्या घरात पोहोचतात. कंडेन्सरमध्ये शिरणारी हवाच ५० अंशांची असेल तर ६५ अंशांवर आर-२२ चा दाब सुमारे ३७७ आणि आर-४१०ए चा ६०० च्या थोडा वर जातो. आर-२२ च्या युनिटात एचपी स्विच बहुधा ४०० पीएसआयच्या आसपास आणि आर-४१०ए च्या युनिटात ६०० ते ६५० च्या दरम्यान उघडतो. नेमका आकडा युनिटच्या पाटीवर किंवा माहितीपुस्तिकेत पाहावा.

हे आकडे पाहिले की उलगडा होतो. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या भागांत पारा ४५ अंशांच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि नवतपा (मेअखेरचे नऊ तापलेले दिवस) सुरू झाल्यावर तर रात्रीची हवाही सुखाची राहत नाही. त्यातही हवामान खात्याचे तापमान सावलीतले असते. आपले युनिट तापलेल्या स्लॅबवर किंवा टिनांच्या शेजारी उभे असते आणि त्याच्या तोंडाशी येणारी हवा त्याहून काही अंशांनी गरम असते. म्हणजे स्वच्छ, निर्दोष युनिटसुद्धा अशा दुपारी मर्यादेच्या जवळच चालत असते. जे दोष डिसेंबरमध्ये कोणाच्या लक्षातही येत नाहीत, त्यांतला एखादा कंडेन्सिंग तापमान आणखी चार-पाच अंशांनी वाढवतो आणि स्विच उघडतो. आपल्याला शोधायचे आहेत ते हे चार-पाच अंश. त्यासाठी कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या हवेचे तापमान, बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान आणि गेजवरचा दाब या तीन नोंदी दुपारी, बिघाड प्रत्यक्ष होत असताना घ्याव्यात. सकाळी नऊ वाजता घेतलेल्या नोंदीवरून दुपारच्या बिघाडाचे निदान होत नाही.

पॅनेल उघडण्यापूर्वी

मोजमाप दुपारी करावे, पण साफसफाई आणि दुरुस्ती सकाळी लवकर करावी. तापलेल्या गच्चीवर दुपारी काम करणाऱ्याला चक्कर आली तर तिथून त्याला उतरवायला दुसरा माणूस जवळ असेलच असे नाही. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊन युनिटापर्यंत जाण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. जुना सिमेंटचा पत्रा पूर्वसूचना न देता तुटतो, म्हणून आधाराच्या कैचीवर आडवी फळी टाकल्याशिवाय त्यावर चढू नये.

विजेच्या बाबतीत आपल्याकडे एक विशेष धोका आहे आणि तो म्हणजे जनरेटर. बँकेत, दवाखान्यात, मंगल कार्यालयात आपोआप सुरू होणारा जनरेटर बसवलेला असतो. मीटरजवळचा मेनस्विच पाडून कोणी काम सुरू केले तर चेंजओव्हर पॅनेलला वाटते की वीज गेली, जनरेटर सुरू होतो आणि ज्या तारा मृत समजून हातात घेतल्या त्यांत पुन्हा वीज येते. म्हणून वीज तोडायची ती युनिटच्या अगदी जवळच्या आयसोलेटरवर (वीज पूर्ण तोडणाऱ्या स्विचवर), जो दोन्ही पुरवठ्यांच्या पुढे असतो. त्याला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी आणि पाटी टांगावी. आयसोलेटर नसेल तर तो बसवून घेणे हे या दुरुस्तीतील पहिले काम समजावे. शिवाय थर्मोस्टॅटची किंवा कंट्रोलची तार काही ठिकाणी आतल्या इन्व्हर्टरवरून वेगळी आलेली असते. मुख्य पुरवठा बंद असूनही ती जिवंत राहते.

वीज नाही याची खात्री टेस्टरच्या दिव्यावर करू नये. मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहावे, मग युनिटच्या तिन्ही फेजवर, प्रत्येक फेज आणि न्यूट्रल तसेच अर्थ यांच्यामध्ये, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी, म्हणजे मधल्या वेळात मीटरच बिघडला नाही हेही कळते. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही भार शिल्लक असू शकतो. तो पेचकसाने शॉर्ट करण्याची सवय सोडावी. त्याने कपॅसिटर फुटू शकतो आणि डोळ्यांना इजा होते. सुमारे २० किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड तारांनी काही सेकंद जोडावा आणि मग मीटरने शून्य व्होल्ट झाले का ते पाहावे. इन्व्हर्टर प्रकारच्या युनिटात ड्राइव्ह बोर्डवरील कपॅसिटर धोकादायक डीसी व्होल्टेज धरून ठेवतात. झाकणावर जितकी मिनिटे थांबायला सांगितलेले असते तितकी थांबावे आणि तरीही मोजून पाहावे.

कॉइलमध्ये अडकलेला कापूस

आता मुख्य कारणाकडे येतो. हिंगणघाट, वणी, आर्वी, अकोट यांसारख्या कापसाच्या बाजारपेठांत आणि त्यांच्या रस्त्यांवर दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले की हवेत रुईचे तूस तरंगत असते. कापसाने भरलेली वाहने रस्त्याने जातात, सरकी आणि गाठी हलतात, आणि कंडेन्सरचा पंखा ती हवा दिवसभर ओढत राहतो. तूस फिनांच्या (कॉइलच्या नळ्यांवरील पातळ अॅल्युमिनिअमच्या पट्ट्यांच्या) तोंडावर बसते, त्यावर रस्त्याची धूळ बसते, सोयाबीन आणि तुरीच्या मळणीच्या काळात भुसा येतो, वणी-राजुऱ्याकडे कोळशाची किंवा सिमेंटची भुकटी येते. हिवाळ्यात हवा थंड असल्यामुळे हा सर्व साठा खपून जातो. कापसाचा हंगाम सरता सरता ऊन सुरू होते आणि साठलेल्या थराचा हिशेब एप्रिलमध्ये पुढे येतो.

वरून पाहून कॉइल स्वच्छ आहे असे म्हणू नये. मोठ्या युनिटात कॉइल दोन-तीन रांगांची असते, काहींमध्ये दोन स्वतंत्र कॉइल एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात. मालकाचा माणूस दर महिन्याला बाहेरून पाण्याचा पाइप मारतो, त्यामुळे समोरचा चेहरा चकचकीत दिसतो. पण आखूड तंतू आत ढकलले जाऊन दुसऱ्या रांगेच्या तोंडाशी थर धरतात. ओले झालेले तूस दाबून बसवलेल्या नमद्यासारखे होते आणि वाळल्यावर हवा त्यातून जवळजवळ जातच नाही. म्हणूनच "आम्ही तर दर महिन्याला धुतो" असे मनापासून सांगणाऱ्यांच्या युनिटात हा दोष सर्वांत वाईट रूपात आढळतो. त्यांच्या मेहनतीत कमी नसते, धुण्याची दिशा चुकलेली असते.

योग्य क्रम असा आहे. वीज तोडून, पंख्याचे वरचे किंवा बाजूचे झाकण उतरवून कॉइलच्या आतल्या बाजूला पोहोचावे. दोन कॉइल असतील तर त्यांचे स्क्रू काढून, पाइपांवर ताण न येऊ देता, त्या जेवढ्या उघडतील तेवढ्या हळूच उघडाव्यात. पाणी लावण्यापूर्वी कोरडे तूस मऊ ब्रशने फिनांच्या उभ्या दिशेने आणि व्हॅक्युम क्लीनरने काढून घ्यावे. या टप्प्यावर निघालेले तूस पाहूनच मालकाला कारण पटते. त्यानंतरच पाणी, आणि ते आतून बाहेर, म्हणजे हवा ज्या दिशेने शिरते तिच्या उलट दिशेने. पाण्याची धार कॉइलच्या पृष्ठभागाशी काटकोनात असावी, कारण तिरकी धार फिना वाकवते. गाड्या धुण्याचा उच्च दाबाचा पंप अजिबात वापरू नये. तो अर्ध्या मिनिटात वीतभर भागातील फिना आडव्या करतो आणि मग ती जागा कायमची बंद होते. पाठीवरचा फवारणी पंप या कामाला फार चांगला आहे, त्याची धार सौम्य असते, पण तो याच कामासाठी वेगळा घेतलेला नवा पंप असावा. कीटकनाशक फवारलेला पंप कितीही विसळला तरी वापरू नये. ते पाणी काम करणाऱ्याच्या हातावर, तोंडावर आणि श्वासात जाते.

चिकट मळ असेल तर अॅल्युमिनिअमला चालणारे कॉइल क्लीनर कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून वापरावे आणि भरपूर पाण्याने धुवावे. संडास साफ करण्याचे आम्ल किंवा कॉस्टिक सोडा यांचे पाणी वापरणारे लोक आहेत. आम्ल आणि अल्कली दोन्ही अॅल्युमिनिअमला खातात. फेस येतो, कॉइल चमकते, पण ती चमक धातू झिजल्याची असते. शेवटी, अंधारात एका बाजूने टॉर्च धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. रांगा एकाआड एक असल्या तर प्रकाश आरपार दिसणार नाही, तरी कोणता पट्टा इतरांपेक्षा काळा आहे ते कळते. वाकलेल्या फिना कंगव्याने सरळ कराव्यात. पॅनेल आणि कनेक्शन कोरडी झाल्याची खात्री केल्याशिवाय पुरवठा देऊ नये.

हवेचा मार्ग तुंबलेला होता की नव्हता, हे आधी घेतलेल्या नोंदीतूनही कळते. हवा कमी वाहत असेल तर कंडेन्सरमधून निघणारी थोडी हवा नेहमीपेक्षा जास्त तापून निघते. आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेतील फरक साधारण ८ ते १२ अंशांचा असतो. तो बराच वाढलेला दिसला तर कॉइल किंवा पंखा यांच्याकडे वळावे. फरक नेहमीइतकाच असून दाब जास्त असेल तर दोष पाइपांच्या आत आहे.

सावली, जाळी आणि पाणी

युनिटाला ऊन लागू नये म्हणून वर टिनाचे छत घालणे हा उपाय लोकांना अगदी योग्य वाटतो. ज्या युनिटाची गरम हवा वरच्या पंख्यातून निघते त्याच्यावर दोन-तीन फुटांवर टिन घातले की ती हवा टिनाला आपटून खाली येते आणि पुन्हा कॉइलमध्येच शिरते. उन्हापासून वाचलेल्या उष्णतेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता युनिट अशा वेळी स्वतःचीच गिळते. हाच प्रकार भिंतीला चिकटवलेल्या किंवा एकमेकांसमोर तोंड करून ठेवलेल्या युनिटांचा. गच्चीवर नंतर बांधलेली खोली, पाण्याची टाकी, फ्लेक्सचा फलक हेही तपासावे. यंत्र बसवले तेव्हा जागा मोकळी होती आणि आता नाही, असे अनेकदा असते. परत फिरणारी हवा पकडण्याची पद्धत साधी आहे: युनिटपासून दहा-पंधरा फूट दूर सावलीत एक थर्मामीटर आणि कॉइलच्या तोंडाशी, उन्हापासून आडोसा देऊन, दुसरा. दोन्हींत तीन-चार अंशांचा फरक असेल तर युनिट आपलीच हवा खात आहे. छत हवेच असेल तर ते वरच्या पंख्याच्या तोंडावर न आणता पश्चिमेच्या बाजूने, कॉइलपासून लांब, आडोशासारखे घालावे. वरचे तोंड मोकळे आकाशाकडे राहू द्यावे.

आपल्या भागात वानरे पाइपांवरचे इन्सुलेशन ओरबाडतात आणि युनिटांवर उड्या मारतात, म्हणून लोखंडी जाळीचा पिंजरा करावा लागतो. ते समजण्यासारखे आहे. मात्र त्या जाळीवर मच्छरदाणीसारखी बारीक नेट लावू नये. तूस अडकायला तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

पाणी मारण्याविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण हा उपाय गावोगाव चालतो आणि तात्पुरता गुणही येतो. कॉइलवर पाणी मारले की दाब झपाट्याने उतरतो, हे खरे आहे. पण ते पाणी कोणते? अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यातील क्षार तापलेल्या फिनांवर पाणी उडून गेल्यावर पांढरा थर होऊन राहतात. हा थर उष्णता अडवतो, आणि ओलसर क्षारामुळे तांब्याची नळी व अॅल्युमिनिअमची फिन यांच्या सांध्यावर गंज वेगाने चढतो. काही हंगामांत फिना नळीपासून सुटू लागतात आणि बोट लावताच भुगा होतो. खारपाणाबाहेरही बोअरचे पाणी जड असतेच. एखाद्या लग्नाच्या दिवशी, पाहुणे हॉलमध्ये बसलेले असताना, एकदा पाणी मारावे लागले तर तो नाइलाज समजावा आणि नंतर गोड्या पाण्याने कॉइल धुऊन घ्यावी. ठिबकचा पाइप कॉइलवर कायम सोडून ठेवणे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही.

पंखा

कंडेन्सरचा पंखा फिरतो आहे एवढे पाहणे पुरेसे नाही. सिंगल फेज पंख्याचा कपॅसिटर उन्हात म्हातारा होतो; त्याची क्षमता मीटरने मोजावी आणि छापील मूल्यापेक्षा ५-६ टक्क्यांहून जास्त घटलेली असली तर बदलावा. मोटार बदलताना पाती उलटी बसणे, वेगळ्या कोनाची पाती लावणे, तीन फेजच्या मोटारीचे दोन फेज अदलाबदल होऊन पंखा उलटा फिरणे, या गोष्टी गावातल्या दुरुस्तीत घडतात. उलटा पंखाही थोडी हवा हलवतो, म्हणून चूक ध्यानात येत नाही. पाटीवरचा बाण पाहावा.

व्होल्टेजचा संबंधही इथेच येतो. दुपारी एकाच डीपीवर सर्व कूलर आणि मोटारी चालू असतात आणि व्होल्टेज उतरते. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे व्होल्टेज १० टक्के उतरले तर जोर सुमारे १९ टक्के कमी होतो. पंखा मंदावतो तो नेमका सर्वांत जास्त हवा हवी असताना. कॉम्प्रेसरसाठी तिन्ही फेजमधील असमतोल जास्त घातक आहे. उदाहरणार्थ ४१५, ४०० आणि ३८५ व्होल्ट मिळत असतील तर सरासरी ४०० आणि सर्वाधिक फरक १५, म्हणजे असमतोल ३.७५ टक्के, एवढ्याने वाइंडिंगची तापमानवाढ साधारण २८ टक्क्यांनी जास्त होते. असमतोल २ टक्क्यांच्या वर असेल तर इमारतीतले सिंगल फेज भार तिन्ही फेजवर वाटून घ्यावेत, सैल आणि काळवंडलेली टर्मिनले नीट करावीत आणि तरीही फरक राहिला तर वीजपुरवठा कार्यालयाकडे नोंदींसह लेखी तक्रार द्यावी. डीपी बदलल्यावर किंवा लाइन दुरुस्तीनंतर फेजचा क्रम उलटला तर स्क्रोल कॉम्प्रेसर खडखडाट करतो आणि दाबच तयार करत नाही. तो वेगळा बिघाड आहे आणि फेज सिक्वेन्स रिले असेल तर तो त्यापासून वाचवतो.

पाइपांच्या आत: जास्त गॅस आणि हवा

बाहेरचे सर्व स्वच्छ, पंखा ठीक, हवेचा मार्ग मोकळा, आणि तरीही दाब चढाच, असे झाले तर मागच्या उन्हाळ्यांत काय काय टाकले गेले याकडे पाहावे. दर एप्रिलला "थोडा" गॅस घेतलेल्या युनिटात कंडेन्सरचा खालचा भाग द्रवाने भरून राहतो आणि उष्णता टाकायला उरलेली जागा कमी पडते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या युनिटात लिक्विड लाइनचे सबकूलिंग, म्हणजे कंडेन्सिंग तापमानापेक्षा द्रव किती अंशांनी थंड आहे तो फरक, बहुधा ५ ते ८ अंशांचा असतो. तो १२-१५ अंशांवर गेला असेल तर गॅस जास्त असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरा संशयित म्हणजे हवा. गळती काढल्यावर व्हॅक्युम पंप न लावता, गॅसच्याच झोताने पाइपातली हवा "मारून" काढली असेल तर थोडी हवा आणि ओल आत राहतेच. हवा कंडेन्सरमध्ये द्रवरूप होत नाही, ती वरच्या भागात कोंडून राहते आणि आपला दाब गॅसच्या दाबात मिळवते. जास्त गॅस आणि हवा या दोन्हींची लक्षणे चालू युनिटात सारखीच दिसतात, म्हणून बंद युनिटाची चाचणी करावी. रात्रभर युनिट बंद ठेवून पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, गेज लावावे आणि कॉइलजवळच्या हवेचे तापमान घ्यावे. हवा ३० अंशांची असेल तर शुद्ध आर-२२ चा दाब सुमारे १५८, आर-४१०ए चा सुमारे २५८ आणि आर-३२ चा सुमारे २६५ पीएसआय दिसायला हवा, मग आत गॅस कितीही भरलेला असो. गेज त्याच्यापेक्षा स्पष्टपणे जास्त दाखवत असेल तर आत हवा किंवा दुसरा गॅस मिसळलेला आहे. गेज बरोबर दाखवून दुपारी सबकूलिंग जास्त येत असेल तर गॅस जास्त आहे.

दोन्ही प्रसंगी उपाय एकच, आणि तो चोरवाटेने करता येत नाही. गॅस रिकव्हरी मशीनने रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढावा, सिलिंडर ८० टक्क्यांहून अधिक भरू नये, हवेत सोडू नये. कोरड्या नायट्रोजनने गळती तपासावी. नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० बार दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय त्याची जोडणी कधीही करू नये. वेल्डिंगवाल्याकडून सहज मिळतो म्हणून ऑक्सिजनने दाब तपासणे जीवघेणे आहे. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरमधले तेल एकत्र आले की स्फोट होतो. त्यानंतर ड्रायर बदलून, ५०० मायक्रॉनपर्यंत व्हॅक्युम करून, ते टिकते का हे पाहून, पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा. पाइप लांब असेल तर कंपनीने दिलेल्या हिशेबाने वाढवावा. आर-४१०ए द्रवरूपातच भरावा, कारण तो दोन गॅसचे मिश्रण आहे.

आर-२२ च्या जुन्या युनिटात "दुसरा मिळतो तो" गॅस टाकण्याचा मोह आता वाढणार आहे. या गॅसवर चालणारी नवी उपकरणे बनवणे भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद झाले आहे. तरी आर-२२ च्या यंत्रात आर-३२ किंवा आर-२९० टाकणे कोणत्याही सबबीखाली मान्य करता येणार नाही. आर-३२ जळू शकतो आणि त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून अधिक असतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आणि ज्या यंत्रातील कॉन्टॅक्टर, स्विच ठिणगी उडवतात त्यात तो भरणे म्हणजे दवाखान्याच्या किंवा मंगल कार्यालयाच्या गच्चीवर आग ठेवणे आहे. ब्रेझिंग करतानाही पाइप पूर्ण रिकामा आणि नायट्रोजनने धुतलेला असावा. आर-२२ ज्योतीत सापडला तर त्यातून फॉस्जीनसह विषारी वायू तयार होतात. बंद खोलीत गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो आणि श्वास कोंडतो, म्हणून आधी दारे-खिडक्या उघडाव्यात.

एचपी स्विच जोडून टाकू नये

मे महिन्याच्या दुपारी, लग्न लागायला अर्धा तास असताना, एचपी स्विचच्या दोन तारा जोडून युनिट "चालू करून देणारा" माणूस त्या दिवशी सर्वांना उपकारकर्ता वाटतो. तो स्विच कॉम्प्रेसर आणि पाइप यांना फुटण्यापासून वाचवतो. तो काढल्यावर दाब कुठे थांबेल हे कोणाच्या हातात राहत नाही. नशीब चांगले असेल तर ओव्हरलोड उघडतो, नाहीतर तेल करपते, वाइंडिंग जळते किंवा एखादा जोड उडतो, आणि त्या वेळी जवळ कोण उभे असेल हे सांगता येत नाही. पॅनेल उघडल्यावर अशी जोडलेली तार दिसली तर ती काढणे हे सर्वांत आधीचे काम आहे, मालकांनी नको म्हटले तरीही. वारंवार रिसेट करणेही याच्या जवळपासचेच आहे. एकदा रिसेट करून पुन्हा ट्रिप झाले तर युनिट बंद ठेवून कारण शोधावे.

वेळापत्रक आणि नवे युनिट घेताना

कापसाच्या पट्ट्यात वर्षातून ठरावीक महिन्यांनी देखभाल करण्यापेक्षा हंगामाशी सांगड घालावी, असे माझे मत आहे. कॉइलची खोल धुलाई जिनिंग मंदावल्यावर, मार्चच्या शेवटी करावी; त्याआधी केली तर महिन्याभरात पुन्हा तूस बसते. मेच्या मध्यात कोरड्या ब्रशची एक सफाई पुरते. प्रत्येक वेळी शिरणाऱ्या हवेचे तापमान, दोन्ही दाब, तिन्ही फेजचे व्होल्टेज व करंट आणि टाकलेल्या वा काढलेल्या गॅसचे वजन युनिटच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. पुढचा मेकॅनिक कोणीही असला तरी त्याला मागचा इतिहास तिथेच मिळतो आणि दर वर्षी "थोडा" गॅस पडला असेल तर तो कागदावर उघड दिसतो.

आणि वरील सर्व दोष नसतानाही युनिट ४६-४७ अंशांवर थांबत असेल, तर ते या हवामानासाठी निवडलेलेच नाही असे समजावे. सर्वसाधारण युनिटांची क्षमता टी-१ या अटीवर, म्हणजे बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. उष्ण प्रदेशासाठीची टी-३ अट ४६ अंशांची आहे. शिवाय आर-४१०ए चे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर गॅसचा द्रव होतच नाही ते) सुमारे ७१ अंश आहे, तर आर-२२ चे ९६, त्यामुळे विदर्भातल्या दुपारी आर-४१०ए ची क्षमता जास्त वेगाने घसरते. जुन्या युनिटाला मोठा कंडेन्सर जोडणे क्वचितच परवडते. नवे युनिट घेईपर्यंत दुपारी थर्मोस्टॅट २६ अंशांवर ठेवावा, हॉलचे दार बंद राहील असे पाहावे आणि दोन युनिटे असतील तर एकावरच सर्व भार टाकू नये. नवे घेताना दरपत्रकात टनांच्या आकड्यासमोर तो कोणत्या बाह्य तापमानावरचा आहे हे लेखी मागावे, आणि ४६ अंशांवरची क्षमता व चालण्याची कमाल मर्यादा हे दोन आकडे मिळाल्याशिवाय मागणीपत्रावर सही करू नये.